‘पुढील स्थानक ठाणे’: एकाच नावाचे दोन उच्चार

लोकल मुलुंड सोडते आणि डब्यात घोषणा होते, ‘पुढील स्थानक ठाणे’. ऐकून ऐकून कान किटलेल्या या तीन शब्दांत एक गंमत दडलेली आहे. ‘ठाणे’ हा शब्द ‘स्थानक’पासूनच आलाय. शिलाहार राजांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव ‘श्रीस्थानक’ असं येतं. पुढे ‘श्री’ गळाला, ‘स्थ’चा ‘ठ’ झाला आणि ठाणं उरलं. आपण ठाण मांडून बसतो त्यातलं ठाणही तेच, पोलीस ठाण्यातलंही तेच. म्हणजे ती घोषणा एकच नाव दोनदा घेते: एकदा संस्कृतात आणि एकदा हजार वर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या मराठीत.

गेल्या दिवाळीत पुण्याची भाची आली होती. तिने विचारलं, ‘मामा, ठाण्यात बघण्यासारखं काय आहे?’ मला चटकन काही सांगता येईना. पुण्यात शनिवारवाडा दाखवता येतो, वसईला किल्ला दाखवता येतो. आमच्याकडे तलावपाळी आणि तिथल्या होड्या. किल्ला ठाण्यातही आहे, पण तो आतून बघायचा तर आधी एखादा गुन्हा करावा लागतो. तिला तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर आता सावकाश देतो.

पहिला प्रश्न साहजिक आहे. ठाण्याला बंदर म्हणतात, तर समुद्र कुठाय? मुंबई आणि तिची उपनगरं ज्या साष्टी बेटावर आहेत, त्याच्या ईशान्य टोकाला, मुख्य भूमीसमोर ठाणं वसलंय. मधे खाडी. खाडीला पुष्कळजण नदी समजतात, पण ती समुद्राचा आत शिरलेला हात आहे. तिचं पाणी खारट, तिला भरती-ओहोटी येते आणि उत्तरेला एका अरुंद फाट्याने ती उल्हास नदीला जोडली जाते. जुन्या काळातल्या लहान गलबतांना हवं होतं ते सगळं इथे होतं. पावसाळी वादळात आडोसा होता, आत कल्याणपर्यंत पाणवाट होती आणि तिथून पुढे नाणेघाट चढला की जुन्नर.

म्हणूनच परदेशी लोकांच्या लिखाणात ठाणं वारंवार भेटतं. अकराव्या शतकात अल् बिरुनीने ‘ताना’ ही कोकणाची राजधानी असल्याचं लिहून ठेवलं. तेराव्या शतकातला मार्को पोलो इथलं कातडं आणि सुती कापड यांची नोंद करतो, आणि एक भानगडही सांगतो. इथल्या राजाचं म्हणे चाच्यांशी संगनमत होतं. लुटीतला बाकीचा माल चाच्यांनी ठेवायचा, घोडे मात्र राजाला द्यायचे. आपल्या किनाऱ्यावर चांगला घोडा अरबस्तानातूनच यायचा, हे माहीत असलं की या सौद्यातला हिशेब कळतो.

पुढे जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागू लागलं. खाडी गाळाने उथळ होत गेली आणि मुंबईला खोल नैसर्गिक बंदर आयतंच होतं. व्यापार तिकडे गेला. ठाण्यात मीठबंदर, चेंदणी बंदर ही नावं राहिली, मागे चेंदणीचा कोळीवाडा राहिला. आज त्या उथळ गाळावर रोहित पक्षी चरायला उतरतात. ठाणे खाडीच्या त्या पट्ट्याला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ज्या गाळाने बंदर बुडवलं त्यालाच आता संरक्षण आहे.

शिलाहारांकडे जरा थांबून बघू, कारण ठाण्याच्या वारशातला सर्वांत मोठा आणि सर्वांत न दिसणारा भाग त्यांचा आहे. उत्तर कोकणच्या या घराण्याने साधारण इसवी सन ८०० ते १२६५ राज्य केलं, आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून, नंतर बरंचसं स्वतंत्रपणे. अंबरनाथचं शिवमंदिर त्यांचं, १०६० सालचं. खुद्द ठाण्यात त्यांचं असं उभं काही नाही. जे आहे ते जमिनीखालून येतं.

१७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना तांब्याचे पत्रे सापडले. ते निघाले शिलाहार राजा अरिकेसरी याचे, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या संशोधनपत्राचा पहिलावहिला खंड काढला, त्यात या पत्र्यांचा अनुवाद छापून आला. भारतातले जुने लेख वाचण्याच्या शास्त्राचा तेव्हा नुकता कुठे श्रीगणेशा होत होता, आणि त्या पहिल्या पानांत ठाणं आहे.

ताम्रपट म्हणजे नेमकं काय? सातबारा, खरेदीखत आणि राजाचं चरित्र एकाच कागदावर छापलं तर जे होईल ते, फक्त कागदाऐवजी तांबं. राजाने एखाद्या ब्राह्मणाला किंवा देवळाला जमीन दिली की त्याचा दस्त तांब्यावर कोरायचा. आधी राजाची वंशावळ आणि बिरुदं, मग दान कोणाला, मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याचं शेत. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. सगळे पत्रे एका कडीत ओवायचे आणि कडीवर मुद्रा ठोकायची. या घराण्याच्या मुद्रेवर गरुड असतो. इतिहासकार वंशावळीकडे धाव घेतात, मला मात्र चतुःसीमा जास्त आवडते. राजे काय, सगळेच पराक्रमी असतात. ओढा मात्र खरा असतो.

बिरुदांमध्ये एक आहे, ‘तगरपुरपरमेश्वर’. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राज्य कोकणात करायचं, पण मूळ गाव तेर हे ताम्रपटात मिरवायचं. पंचवीस वर्षं नौपाड्यात राहूनही ‘गाव कुठलं तुमचं?’ विचारल्यावर सातारा नाहीतर रत्नागिरी सांगणाऱ्या ठाणेकराला हे समजावून सांगायला नको.

ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी दगड होता. जमिनीच्या हद्दीवर ‘गद्धेगाळ’ रोवायचा. वर सूर्य, चंद्र आणि कलश, म्हणजे चंद्रसूर्य असेतो हे दान टिकावं. मधे लेख. खाली एक गाढव आणि एक स्त्री, आणि दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून दिलेली, इथे लिहिता न येणारी शिवी. परळला सापडलेला अपरादित्याचा ११८७ सालचा असा लेख मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक मानला जातो. आपल्या भाषेच्या पहिल्यावहिल्या कोरीव ओळींत शिवी आहे, हे सांगताना शाळेत बहुधा अवघडायला होत असावं. मला त्यात कोकणी स्वभाव दिसतो.

पण शिलाहार म्हणजे नुसते शिव्याशाप नव्हेत. याच घराण्यातल्या आधीच्या, पहिल्या अपरादित्याच्या नावावर याज्ञवल्क्य स्मृतीवरची मोठी टीका, म्हणजे भाष्य, आहे, ‘अपरार्क’ या नावाने ती ओळखली जाते. बाराव्या शतकात काश्मीरमध्ये पंडितांची सभा भरली, तिथे कोकणच्या याच अपरादित्याचा दूत तेजकंठ हजर होता, असं मंख या काश्मिरी कवीने नोंदवलंय. शेवटचा राजा सोमेश्वर याने यादव महादेवाशी समुद्रात लढाई दिली आणि तो बुडाला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर (लढाईत मेलेल्यांच्या स्मारकशिळांवर) वल्ह्यांच्या रांगा लावलेली जहाजं कोरलेली आहेत, ती याच युद्धाची असावीत, असं अभ्यासक मानतात. बंदराच्या जोरावर मोठं झालेलं घराणं पाण्यातच संपलं.

बंदर असलं की माल येतो आणि मालाबरोबर देवही येतात. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले आणि धर्मावरून वाद होऊन मारले गेले. त्यांना आसरा कोणी दिला होता? इथे आधीपासून राहणाऱ्या नेस्टोरियन, म्हणजे पश्चिम आशियातल्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांनी. म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी इथे ख्रिस्ती वस्ती होती. त्यानंतर आलेल्या ओदोरिक नावाच्या प्रवाशाने त्या साधूंच्या अस्थी गोळा करून पुढे चीनकडे नेल्या. १५३४ च्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, मग चर्च उभी राहिली. तलावाकाठचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च त्याच परंपरेतलं. या चर्चच्या जुन्या कुटुंबांतल्या आजीशी बोलून बघा, तिची मराठी तुमच्याआमच्यापेक्षा जुन्या वळणाची निघेल.

टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे, १८७९ सालचं. नाव ‘शाआर हाशामायिम’, म्हणजे स्वर्गाचं दार. ही मंडळी पूर्वी कोकणात तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, नागावकर अशी गावावरून. शुभकार्यात मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ-खोबरं, वर फळं, आणि प्रेषित एलियाहूच्या नावाने प्रार्थना. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंही केली, झांज-मृदुंगासकट. पुष्कळजण इस्रायलला गेले, तरी भारतात उरलेल्या समाजाचं ठाणं हे मोठं केंद्र आहे. पारशांची अग्यारीही जवळच. दर्गे, मशिदी, जैन देरासर सगळं त्याच पट्ट्यात. स्टेशनवरून निघालात तर चालत अर्ध्या तासात सगळ्यांच्या दारावरून जाऊन याल. रिक्षा करू नका, तिला जास्त वेळ लागेल.

मग यातलं काय टिकलं आणि काय गेलं, यामागे काही सूत्र आहे का? मला वाटतं, आहे. ठाण्यात ज्या वास्तूला काम मिळत राहिलं ती टिकली. कुणी जपायचं ठरवलं म्हणून टिकलेलं फार थोडं आहे.

कौपिनेश्वराचं देऊळ बघा. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये ते पुन्हा उभं केलं. त्यातलं शिवलिंग प्रचंड आहे, पहिल्यांदा बघणारा दचकतोच. पण देवळाभोवती जांभळी नाक्याची भाजी, फुलं, पत्रावळी आणि गर्दी इतकी, की दर्शनाला जाताना दोन वेळा मेथीची जुडी आडवी येते. ही गर्दी हेच देवळाचं संरक्षण. पाडव्याच्या स्वागतयात्रेची आखणीही देवळाच्या न्यासाच्या पुढाकाराने होते.

तळ्यांचंही तसंच. ठाण्यात इतकी तळी का? खाडीकाठच्या विहिरींना खारं पाणी लागायचं, म्हणून येऊरच्या डोंगराकडून येणारं पावसाचं गोडं पाणी अडवून ठेवायचं. ‘तलावपाळी’तली पाळ म्हणजे तोच बांध. आपण तलावाला तलावपाळी म्हणतो, खरं तर ते त्याच्या काठाचं नाव आहे. तलावाचं नाव मासुंदा. साठाहून अधिक तळी होती म्हणतात, आज पस्तीसेक मोजतात. नळ आले आणि तळ्यांचं काम संपलं. ज्यांना नवं काम मिळालं, म्हणजे मासुंद्याला होड्या, कचराळीला सकाळचे चालणारे, उपवनला संध्याकाळचे बसणारे, ती राहिली. बाकीच्यांवर इमारती आहेत. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं की तळं आपला पत्ता सांगून जातं.

किल्ल्याची गोष्ट याच सूत्राची दुसरी बाजू. पोर्तुगीजांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आतच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. आजचं मध्यवर्ती कारागृह ते हेच. तुरुंगाला भिंती लागतात, म्हणून भिंती राहिल्या. कोकणातल्या कितीतरी किल्ल्यांचे दगड लोकांनी घराच्या जोत्याला नेले, इथे ती सोय नव्हती.

१८१६ मध्ये याच किल्ल्यातून पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले. बंदोबस्त पक्का असावा म्हणून इंग्रजांनी पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले होते. आख्यायिका अशी की बाहेर घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार मराठीत गाणी म्हणायचा आणि गाण्यातून पळण्याची सगळी योजना आत पोचवायचा. गोऱ्यांना वाटायचं, गातोय बिचारा. ही कथा बिशप हेबरने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. १८२५ मध्ये तो ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चच्या समर्पणासाठी आला होता, तेव्हा ती लोकांच्या तोंडी होती. मराठी येत असल्याचा इतका रोकडा फायदा मी दुसरा ऐकलेला नाही.

त्याच भिंतींच्या आत १८४८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे फासावर गेले. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे क्रांतिकारक गेले. बाहेरच्या रस्त्याने रोज जाणारे आपण सिग्नलला थांबतो तेव्हा बहुतेक वेळा फोन बघत असतो. मीही त्यातलाच.

आता संस्थांकडे येऊ. बंदर गेल्यावर ठाण्याला दुसरी नोकरी लागली, जिल्ह्याच्या मुख्यालयाची. कलेक्टर कचेरी, कोर्ट, मग वकील, कारकून, मास्तर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी ३४ किलोमीटर धावत ठाण्याला आली आणि देशातली प्रवासी रेल्वे सुरू झाली. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं तिला ओढत होती. १८६३ मध्ये नगरपालिका, १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ हे मराठी साप्ताहिक. वाचता येणारे लोक, ठरावीक पगार आणि संध्याकाळी मोकळा वेळ या तीन गोष्टी एका गावात जमल्या की तिथे वाचनालय निघणारच.

१ जून १८९३ ला मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. ते काढणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे. तेव्हा त्यांचं वय एकवीस. नावातला ‘संग्रहालय’ हा शब्द नीट बघा. वाचनालय पुस्तकं फिरवतं, संग्रहालय ती साठवतं. मराठीत छापलेलं पुस्तक इथे सापडलं पाहिजे, ही त्यामागची हाव होती आणि ती चांगली हाव होती. इथे दोलामुद्रितं आहेत. दोला म्हणजे पाळणा. मराठी छपाई पाळण्यात होती तेव्हाची, म्हणजे १८६७ च्या आधीची पुस्तकं. त्या साली पुस्तकांच्या सरकारी नोंदणीचा कायदा आला. त्याआधी काय छापलं गेलं याचा हिशेब अशा कपाटांतूनच लागतो.

मी शाळेत असताना एका वाचनालयातून एक पुस्तक घेतलं होतं. मागच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असायची. माझ्याआधीचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. पान उलटलं की कोपऱ्याचा पिवळा तुकडा हातात यायचा. तो परत आत ठेवून मी पुस्तक मिटायचो. अकरा वर्षं कोणी न मागितलेलं पुस्तक कोणीतरी फळीवरून काढून टाकलं नाही, एवढ्यावर तो सगळा डोलारा उभा असतो. बाकी वर्गणी, अनुदान, कार्यकारिणी आणि वार्षिक सभेतली भांडणं. भांडणं आवश्यक आहेत, ज्या संस्थेत कोणी भांडत नाही ती बंद पडत आलेली असते.

नाटकाला घर मात्र उशिरा मिळालं. तलावाकाठी राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ मध्ये झालं. मधल्या काळात आणि नंतरही व्याख्यानमाला, कट्टे, राम मराठे यांच्या नावाचा संगीत महोत्सव, असं चालत आलंय. साहित्य संमेलन ठाण्यात तीनदा भरलं: १९६० ला रा. श्री. जोग अध्यक्ष, १९८८ ला वसंत कानेटकर, २०१० ला उत्तम कांबळे. विद्या प्रसारक मंडळ १९३५ चं, त्याची महाविद्यालयं खाडीच्या काठावर, चेंदणी बंदर रोडला आहेत. गलबतं लागायची त्या भागात आता परीक्षेचे नंबर लागतात.

शेवटी भाचीला प्रत्यक्ष दाखवता येईल अशी एक गोष्ट. आमच्या इमारतीच्या मागे पिंपळाखाली एक शिळा आहे. शेंदूर इतका की आतलं चित्र बोटांनी चाचपावं लागतं. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि त्याच्यावर तलवार उगारलेला दुसरा. मधल्या चौकटीत दोन बायका त्याला दोन्ही हातांनी उचलून वर नेताहेत. सर्वांत वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलाय. हा वीरगळ, लढाईत मेलेल्या माणसाचं स्मारक. खालून वर वाचायचा. बिल्डिंगमधल्या बायका त्याला म्हसोबा म्हणतात आणि फूल वाहतात.

कायद्याच्या नजरेने शंभर वर्षांहून जुनं शिल्प म्हणजे पुरावशेष, १९७२ चा कायदा त्याला लागू होतो. ते विकायला परदेशी नेता येत नाही, त्याची नोंदणी करावी लागते. पाया खणताना जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. किंमत दहा रुपयांच्या वर असली की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये ही मर्यादा १८७८ ची, त्यामुळे आज जवळपास सगळंच त्यात बसतं. मंडळींना वाटतं कळवलं की सरकार इमारतीचं काम थांबवेल, म्हणून रातोरात दगड गायब होतात. तुमच्याकडे असं काही असेल तर आधी फोटो काढा, जागा लिहून ठेवा, मग राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. शेंदूर खरवडू नका. त्याच्याखाली अक्षरं असली तर तीही जातील.

आमच्या इमारतीचा पुनर्विकास आता दारात आहे. नवा आराखडा आला तेव्हा त्यात पिंपळ नव्हता, शिळाही नव्हती. मी मीटिंगमध्ये विषय काढला. सगळे थकले होते, पार्किंगवर दीड तास गेला होता. सेक्रेटरींनी पेन्सिलने कोपऱ्यात एक चौकोन काढला आणि आत लिहिलं, ‘दगड’. मी पेन्सिल मागून घेतली, ते खोडलं आणि ‘वीरगळ’ लिहिलं. शेजारच्या काकूंनी चष्मा सरसावून वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे आपला म्हसोबा का?’ हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मग त्याला पावसात उघड्यावर नका ठेवू, वर पत्रा घालायचं लिहा.

लिहिलं.